वडील पलटणीत असलेल्या मुलांसाठी गावाने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातले माध्यमिक शिक्षक विचारतात की त्यांच्या शाळेत पाचवी ते दहावी मिळून २३ मुलांचे वडील सैन्यात किंवा निमलष्करी दलांत आहेत. सहावीतला एक हुशार मुलगा, वडील जूनमध्ये सुट्टी संपवून परत गेल्यापासून वर्गात बोलेनासा झाला आहे. वही कोरी, डबा अर्धा परत. घरी आजी म्हणते, "फौजीचं पोर असून रडतोस?" ग्रामपंचायतीला १५ ऑगस्टला सैनिकांच्या मुलांचा सत्कार करायचा आहे. पण या मुलांना खरोखर उपयोगी पडेल असं शाळा आणि गाव काय करू शकतं, असं त्यांना विचारायचं आहे.

गुरुजी,

आधी त्या सहावीतल्या मुलाचं बघू, सत्काराचं नंतर.

वडील जूनमध्ये गेले म्हणजे नेमके शाळा उघडायच्या वेळेला गेले. नवी इयत्ता, नवे वर्गशिक्षक आणि घरातून बाप गेलेला, हे सगळं त्याच्यावर एकाच आठवड्यात आलं. त्याचं गप्प होणं मला आजाराचं वाटत नाही. सुट्टीभर बाप घरात होता आणि आता नाही, त्याचं ते दुःख आहे. पहिले चार-सहा आठवडे हे चालतंच. मात्र जेवण तुटणं, झोपेत दचकणं, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागणं, रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखणं यातलं काही दीड-दोन महिन्यांनंतरही कमी होत नसेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तोंडून निघालं, तर थांबू नका. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा मराठीतही बोलते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा एक खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. मुलाच्या आईला हा नंबर आजच लिहून द्या. गरज पडेल तेव्हा शोधत बसायची वेळ येऊ नये.

वर्गात त्याला "काय झालं रे तुला?" असं चारचौघांत विचारू नका. या मुलांना त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि देता आलं नाही की लाज वाटते. त्यापेक्षा एखादं काम द्या. नकाशे आणणं, फळ्यावर तारीख लिहिणं, असं काहीही. आणि दोघंच असताना एवढंच विचारा: "बाबांचा फोन कधी येतो?" इतक्या वर्षांत मला सापडलेला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे. त्यात कीव नाही, उपदेश नाही, आणि त्याचं उत्तर मुलाला ठाऊक असतं. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचा फोन रविवारी रात्री यायचा. ठाण्यावर रेंज असेल तर यायचा, नसेल तर नाही. सोमवारी हा मुलगा एक तर वर्गभर हुंदडायचा किंवा कुणाला तरी ठोसा लगावायचा. वर्गशिक्षिकेला रविवारच्या फोनचं कळल्यावर तिने दोनच गोष्टी केल्या: सोमवारची चाचणी मंगळवारी नेली आणि सोमवारी सकाळी दारातच "लागला का फोन?" असं विचारायला लागली. "नाही लागला" हे सांगायला एक माणूस मिळालं आणि मारामाऱ्या थांबल्या.

मी २४ वर्षं शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. सुरुवातीची काही वर्षं छावणीतल्या शाळेत काढली, त्यानंतर सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यांतल्या हायस्कुलांत. पण या विषयाशी माझं नातं त्याच्या आधीचं आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मी चार वर्षांची असताना ते सुट्टीवर आले आणि तिसऱ्या दिवशी मी आजीला विचारलं, "हे पाहुणे कधी जाणार?" सगळे हसले, वडीलही हसले, आणि मग उठून गोठ्यात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आईने हे मला माझं लग्न झाल्यावर सांगितलं. म्हणून सांगते, मुलाला दूर राहण्याचा त्रास होतो तसाच जवळ येण्याचाही होतो. गावाला फक्त दूर राहणं दिसतं.

जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते, तीही पलटणीच्या सोयीने, तुकड्यांत. आपल्याकडे बरेच जण गावची यात्रा, सुगी, दिवाळी किंवा घरातलं लग्न धरून सुट्टी काढतात. मुलाचं वर्ष या सुट्ट्यांवर मोजलं जातं. यायच्या आधीचा पंधरवडा उकळता असतो. घर सारवणं, पोरांत फुशारक्या, "माझे बाबा कॅन्टीनमधून हे आणणार, ते आणणार." मग बाप येतो. पहिले आठ दिवस सणासारखे. नवव्या दिवशी बाप वही मागतो, आणि कटकट सुरू होते. एवढे महिने घरचे निर्णय आईने आणि आजोबांनी घेतलेले असतात. आता कोणाचं ऐकायचं ते मुलाला कळत नाही. आईजवळ झोपणाऱ्या धाकट्याची जागा बदललेली असते. त्याला कुणी काही समजावून सांगितलेलं नसतं.

आणि शेवटचा आठवडा. या आठवड्यात मुलं मुद्दाम भांडतात. बापाशी बोलत नाहीत, उलट उत्तर देतात, जेवणावर रुसतात. आयांना वाटतं, पोरगं कसं निर्दयी आहे, बाप निघालाय आणि याला काही नाही. पण रागावलेल्या माणसापासून दूर होणं सोपं जातं, आणि मूल तेच करत असतं. हे एकदा आईला समजावून सांगितलं की तिचा जीव निम्मा हलका होतो. वडिलांनाही सांगा. खूप वडील ते भांडण मनात घेऊन रेल्वेत बसतात आणि चार महिने तेच आठवत राहतात.

म्हणून शाळेसाठी माझी पहिली सूचना एका वहीची आहे. २३ मुलांची नावं, आणि प्रत्येकासमोर बाबा कधी येणार, कधी जाणार, फोनचा दिवस कोणता, घरी कोण कोण आहे. ही वही वर्गशिक्षकांपाशी राहील, भिंतीवर लागणार नाही. वडील कुठे तैनात आहेत ते तिच्यात लिहायचं नाही, त्याची गरजही नाही. जाण्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाची परीक्षा किंवा स्पर्धा ठेवायची नाही. बापाला पोचवायला स्टँडवर किंवा स्टेशनावर जायचं असेल तर अर्ध्या दिवसाची रजा न कुरकुरता द्यायची.

स्टेशनचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. आपल्याकडे घरोघरी पद्धत आहे की पोरगं रडेल म्हणून पहाटे ते झोपेत असतानाच बापाने निघून जायचं. कृपा करून हे थांबवायला घरच्यांना सांगा. मूल उठतं आणि खाट रिकामी असते. पुढे ते झोपायलाच घाबरतं, कारण आपण झोपलो की माणसं जातात हे ते शिकलेलं असतं. मी अशा किती तरी मुलांबरोबर बसले आहे जी रात्री अकरा-साडेअकरापर्यंत आईचा पदर मुठीत धरून जागी असत. रडू द्या त्याला स्टँडवर. बापाच्या गळ्यात पडून रडलेलं मूल दोन-तीन दिवसांत सावरायला लागतं. निरोपच न मिळालेल्या मुलाला फार वेळ लागतो.

आजीचं वाक्य तुम्ही लिहिलंत. आजींवर रागावू नका, तिनेही मुलगा पाठवलाय आणि तिला रडायला कुणी जागा दिली नसेल. पण ते वाक्य, आणि त्याचं भावंड "आता तू घरातला बाप्या माणूस, आईला सांभाळ," ही दोन्ही गावातून हद्दपार व्हायला हवीत. निघताना वडील स्वतःच हे बोलून जातात. प्रेमाने बोलतात, मुलाचा खांदा थोपटून. अकरा वर्षांचं पोर ते शब्दशः घेतं. आईला ताप आला तर ते स्वतःला गुन्हेगार समजतं. मुलींच्या वाट्याला हे वेगळ्या रूपात येतं: धाकट्याचा अभ्यास, भाकऱ्या, आजीची औषधं, आणि "शहाणी आहे गं पोर" ही शाबासकी. अशी शहाणी मुलगी शाळेत कधी त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमच्या २३ जणांत अशा दोन-तीन तरी असतील. वडिलांनी निघताना याऐवजी काय म्हणावं, तर: "घरचं आई आणि आजोबा बघतील. तू शाळा बघ, खेळ, आणि मला फोनवर सगळं सांग." एवढं पुरतं.

आता आईबद्दल. माझं मत विचाराल तर गावाने पहिला हात इथे लावायला हवा. मूल आईच्या चेहऱ्यावर दिवस वाचतं. तिचा दिवस थोडा सोपा केलात, तर मुलासाठी केलेल्या दहा कार्यक्रमांपेक्षा जास्त काम होतं. तिची अडचण "मानसिक आधार" अशा मोठ्या शब्दांत शोधू नका, ती साधी असते. शेतीपंपाची लाइट आठवडा-आठवडा पाळीने रात्री येते. नवरा नसलेल्या घरात रात्री दीड वाजता उसाला पाणी द्यायला कोण जाणार? ती जाते. लहान पोरं कुलूप लावून घरात, किंवा बॅटरी धरून तिच्याबरोबर बांधावर. मग तेच मूल सकाळी तुमच्या तासाला डुलक्या घेतं. एका गावात तरुण मंडळाच्या पोरांनी फक्त एवढंच ठरवलं की रात्रपाळीच्या आठवड्यात फौजी घरांची दारं धरायला, म्हणजे शेतात पाणी फिरवायला, आळीपाळीने दोघंजण जातील. त्याला ना निधी लागला ना ठराव. त्या वर्षी त्या घरांतल्या मुलांची हजेरी सुधारली, हे मी त्या शाळेच्या पटावर पाहिलं.

बँक, तहसील, आधार केंद्र, गॅस, सोसायटीचं कर्ज अशी तालुक्याची कामंही तिच्यावरच असतात. महिन्यातून एक दिवस ठरवून एखाद्या माजी सैनिकाने अशा चार-पाच जणींना बरोबर घेऊन जायचं, एवढं पुष्कळ होईल. पण एक काळजी घ्या. नवरा दूर असलेल्या बाईच्या उंबऱ्यावर कोण आलं-गेलं याची नोंद अख्खी गल्ली ठेवते, आणि ती कुजबुज शाळेत मुलांच्या कानावर येते. एक आठवीतली मुलगी तीन आठवडे शाळेत आली नव्हती, कारण वर्गातल्या कुणी तरी तिच्या आईबद्दल घरी ऐकलेलं वाक्य तिच्या तोंडावर म्हणून दाखवलं होतं. तेव्हा मदत चारचौघांत, गटाने, शक्यतो बायकांमार्फत व्हावी. आणि कुजबुज कानावर आली तर सरपंचांनी आणि तुम्ही ती जागच्या जागी तोडावी. सत्कारापेक्षा हे अवघड आहे, मला माहीत आहे.

आता मुलांसाठी थेट काय करता येईल ते सांगते. तुमच्या गावात सेवानिवृत्त सुभेदार, हवालदार असणारच. आठवड्यातून एका संध्याकाळी त्यांना शाळेत बोलवा, पण भाषणाला नको. मुलांना पडलेले प्रश्न फार बारीक असतात. बाबा काय खातात? बर्फात आंघोळ कशी करतात? रात्री भीती वाटते का? आजारी पडले तर कोण बघतं? याची उत्तरं घरात कुणाकडे नसतात, आणि मोकळी राहिलेली जागा मूल टीव्हीवरच्या युद्धाने भरतं. एका निवृत्त सुभेदारांनी आमच्या शाळेत होल्डॉल, म्हणजे बिछान्याची वळकटी, कसा बांधायचा, बंकरमधल्या शेगडीवर चहा कसा करायचा, एवढंच दाखवलं. त्या रात्री एक मुलगी आईला म्हणाली, "बाबांना चहा मिळतो तिथं." ती इतके दिवस कशाची काळजी करत होती ते तेव्हा कळलं.

नकाशाचं एक काम मी अनेक शाळांत केलं आहे. पूर्वेला अरुणाचलमध्ये सूर्य आपल्या साताऱ्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी उगवतो. भूगोलाच्या तासाला सगळ्या वर्गाने रेखावृत्तांवरून हा हिशोब करायचा. कुणाच्या वडिलांचं नाव घ्यायचं नाही. ज्या मुलाला कळायचं त्याला कळतं. सकाळी दात घासताना तो म्हणतो, बाबा केव्हाच उठले असतील. पत्रंही लिहून घ्या. ५६ एपीओचा, म्हणजे सैन्याच्या टपालघराचा, पत्ता अजून चालतो, आणि रेंज नसलेल्या ठाण्यावर पोराच्या अक्षरातला कागद उशाखाली ठेवता येतो, तसा फोन ठेवता येत नाही. मात्र मोठ्या मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: बाबांची पलटण, ठिकाण, येण्या-जाण्याच्या तारखा इन्स्टाग्रामवर टाकायच्या नाहीत. गावाच्या फ्लेक्सवरही नाही.

छावणीतून गावात परत आलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. बापाला फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी नेमणूक, लागलं की क्वार्टर सोडून आई-मुलं गावी येतात. हे मूल तीन वर्षं हिंदी-इंग्रजीत शिकलेलं असतं, घरात मराठी बोलत असलं तरी जोडाक्षरं वाचताना अडखळतं, आणि वर्गात त्याला "हिंदीवाला" नाव पडतं. अशा मुलाला "कच्चा" समजू नका. बऱ्याचदा गणितात ते वर्गाच्या पुढे असतं आणि एखादा धडा, म्हणा अपूर्णांक, दोन्ही शाळांत हुकलेला असतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा काय झालं-काय राहिलं एवढा एक कागद करा. मराठी वाचनासाठी वर्गातलाच एक बोलका जोडीदार द्या, आणि बदल्यात त्याला हिंदी कवितेचं चाल लावून वाचन करू द्या. प्रवेशासाठी दाखल्याची अडवणूक होत असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ वर बोट ठेवा: आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही.

कागदांचं आणखी एक, आणि ते आयांना जरूर सांगा. मुलाचं नाव आणि जन्मतारीख वडिलांच्या युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे त्यांच्या सेवेच्या अधिकृत नोंदीत, नोंदलेली असते. ती जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या जनरल रजिस्टरशी अक्षरनअक्षर जुळली पाहिजे. एका वेलांटीवरून पुढे डिपेंडंट कार्ड, शिष्यवृत्ती, सगळं अडतं. वडील सुट्टीवर असतानाच तुम्ही रजिस्टर काढून त्यांच्यासमोर ताळा करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

सवलतींबद्दल फार लांबवत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही पहिली पायरी, आणि रकमा व अटी बदलत असल्यामुळे तिथेच विचारावं. सैनिकांच्या मुलामुलींसाठी अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी वसतिगृहं आहेत, त्यांची माहिती मे महिन्यातच मिळवा. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या मुलांना केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना मिळते. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ मध्ये सुरू झाली, देशातली पहिली. सैनिकी शाळांत काही जागा सेवेतल्या व माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव असतात, प्रवेश सहावीला आणि नववीला. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलमध्येही जवानांच्या मुलांना मोठा वाटा आहे. पण एक सांगते: बापाचं स्वप्न म्हणून घरापासून तोडून वसतिगृहात घातलेलं मूल आणि स्वतःहून गेलेलं मूल यांत फार फरक असतो. मुलाला तीन वेळा, तीन वेगवेगळ्या दिवशी विचारा. तुमच्या यादीतल्या काही मुलांचे वडील सीआरपीएफ किंवा बीएसएफमध्ये असतील. गाव त्यांनाही "मिलिटरीत" म्हणतं, पण सैनिक बोर्डाच्या योजना त्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी गृह मंत्रालयाची वेगळी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. हे आधीच माहीत नसलं की आई हेलपाटे घालते आणि मूल बघतं की आपल्या बापाला "खरा फौजी" मानत नाहीत. शाळेच्या वहीत, रात्रीच्या दाऱ्यांत असा भेद अजिबात नको.

आता जे लिहायला हात जड होतो ते. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाची बातमी आली तेव्हा मी एका शाळेत होते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत शाळांना सुट्ट्या होत्या, आणि मुलं दिवसभर टीव्हीसमोर बसून होती. अशा दिवसांसाठी आधीच ठरवून ठेवा. चावडीवरचा आणि दुकानातला टीव्ही मुलं असताना बंद. व्हॉट्सअॅपवर आलेलं नाव किंवा फोटो कुणीही पुढे पाठवायचा नाही. खरी वार्ता यंत्रणेमार्फत घरी येते, पण अफवा तिच्या आधी गल्लीत पोचलेली असते. एका घरात बारा तास चूल पेटली नव्हती, आणि शेवटी निघालं की आडनाव सारखं होतं, माणूस वेगळा. शाळा सुरू असेल तर त्या दिवशी नेहमीचे तास घ्या. मुलाने विचारलं, "माझे बाबा ठीक आहेत ना?" तर "काही होणार नाही" असं वचन देऊ नका. "मला आत्ता माहीत नाही. काही कळलं तर आई तुला सांगेल. तोवर मी इथं आहे," एवढंच बोला, आणि खरोखर तिथं राहा.

आणि जर वाईट वार्ता खरी निघालीच, तर मुलाला ती आईने किंवा घरातल्या जवळच्या माणसाने, साध्या शब्दांत सांगावी. "बाबा लांब गेलेत" असं नको. बाबा तर नेहमीच लांब जातात आणि परत येतात, मूल वाट बघत बसतं. अंत्ययात्रेत मुलाचा हात धरणारं एक माणूस ठरवा, ज्याला दुसरं काही काम नसेल. मुलाला लहान गणवेश चढवून कॅमेऱ्यांपुढे सलाम करायला लावू नका. त्याने स्वतःहून केला तर गोष्ट वेगळी. पण सांगून करवलेला तो सलाम आयुष्यभर फिरत राहतो. आता तिशीत असलेला एक तरुण मला म्हणाला होता, "माझ्या बापाच्या दिवसाचा माझ्याजवळ जो फोटो आहे, त्यात मी फोटोग्राफरकडे बघतोय." तेराव्यानंतर मंडप निघतो, पुढारी जातात. शाळेचं काम तिथून पुढे असतं: पहिली दिवाळी, पहिली पालकसभा, निकालपत्रावरची सही. पैशांवरून घरात ताण सुरू होतो तेही मूल ऐकत असतं.

एक टप्पा सगळेच विसरतात, तो म्हणजे बाप कायमचा घरी येतो तो. बरेच जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतात, आणि नेमकं तेव्हा मूल आठवी-नववीत असतं. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो माणूस आता रोज घरात आहे, सकाळी पाचला उठवतो, चादरीच्या घड्या तपासतो, आणि स्वतः मात्र नोकरीच्या शोधात हिंडतोय. दोघांनाही एकमेकांची सवय नाही. मुलगा घराबाहेर राहायला लागतो, बाप म्हणतो हाताबाहेर गेला. अशा बापाला शाळेत बोलवा आणि तक्रार सांगण्याऐवजी काम द्या: मैदान आखणं, खो-खोचा संघ, सहलीची व्यवस्था. ज्या बापाला वर्गमित्र "मेजर" म्हणून मान देतात त्याच्याकडे मुलगा नव्याने बघतो. आणि बापाला मैदानावर कळतं की पोरांना पलटणीसारखं नाही चालवता येत.

तर १५ ऑगस्ट. आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, आणि त्या गावाच्या नावापुढे "मिलिटरी" लागलं. तिथे घरटी एक फौजी. अशा गावात वडील सैन्यात असणं हे मुलाला वेगळं पाडत नाही, कारण बाकावरच्या शेजाऱ्याचेही वडील तिकडेच असतात. कोल्हापुरातल्या सैनिक टाकळीतही तसंच. तुमच्या गावात २३ मुलं आहेत, पण सहा इयत्तांत विखुरलेली. एखाद्या वर्गात एकच असेल. त्याला व्यासपीठावर चढवून नारळ-शाल दिलीत तर तो अजून एकटा पडेल. त्या दिवशी कौतुक आयांचं आणि आजी-आजोबांचं करा. मुलांना व्यासपीठावर न नेता दुपारी एकत्र जेवायला बसवा, मोठी-छोटी मिसळून, माजी सैनिकांच्या पंगतीला. दहावीच्या मुलीला पाचवीच्या पोराची ओळख करून द्या. "माझे बाबा पण गेले तेव्हा मी आठवडाभर डबा खाल्ला नव्हता" हे ती त्याला सांगेल, आणि ते तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा लवकर पोचेल. वडिलांनी पाठवलेले छोटे निरोप मोबाइलवर ऐकवायची कल्पना कुणी काढली, तर ज्यांच्याकडून निरोप येणार नाही अशांचा आधी विचार करा आणि शक्यतो टाळाच.

तुमच्या सहावीतल्या मुलासाठी मी या सोमवारी इतकं करेन: वर्ग भरायच्या आधी दारात त्याला गाठून फोनचं विचारेन. मधल्या सुट्टीत त्याला डब्यासकट दोन मुलांच्या शेजारी बसवेन, एकट्याकडे डोळे लावणार नाही. कोऱ्या वह्यांची तक्रार घरी पाठवणार नाही, रोज एक गणित एवढंच मागेन. आणि आजीला एक दिवस शाळेत चहाला बोलवेन, नातवाबद्दल न बोलता तिच्या मुलाबद्दल, तो लहानपणी कसा होता, पहिल्यांदा भरती होऊन गेला तेव्हा तिने काय केलं, हे विचारायला. नातू जवळपास असेल असं बघेन. आजी बोलता बोलता डोळे पुसेल, आणि ते त्याने पाहिलं तर बरंच होईल.

वडील दिवाळीला येणार असतील तर त्याच्या आधी पंधरा दिवस मला पुन्हा लिहा. सुट्टीचे दिवस कसे आखायचे आणि निरोपाच्या दिवशी काय करायचं ते आपण त्या घरासाठी वेगळं बसवू.